विहिरीसाठी बांधलेलं मुंडासं

माघ वद्य ४, शके १८४२

आज मोटेच्या नाड्यावर बसले! अंग सगळं ठेचून निघालंय, तळहाताला फोड आलेत, पण मोट वर आली. एकदा नाही — विहिरीत पाणी होतं तोवर येत राहिली.

आप्पा मोट हाकायचे तेव्हा किती सोपं दिसायचं. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की नाड्याच्या दोरावर बूड टेकायचं. आपलं ओझं आणि बैलांचं बळ मिळून भरलेली मोट वर येते, पाणी काठावरच्या थारोळ्यात पडतं, मग बैलांना मागं सारत पुन्हा वर आणायचं. बस्स. पण बैल उतरायला लागले की पाय जमिनीवरून सुटतात, हे आप्पांनी कधी सांगितलं नाही.

आप्पा मानमोडीच्या तापात गेले. तेव्हापासून मोट सटवामामाच हाकत होते. ते नात्यानं आमचे कुणी नाहीत, बांधाला बांध लागून आहे एवढंच. आमचा एक बैल पाखऱ्या, त्यांचा एक हरण्या, दोन्ही मिळून एक जोडी. एक दिवस आमच्या विहिरीवर, एक दिवस त्यांच्या रानात. आता मामांची कंबर धरलीय. माय बसली असती, तर तिच्या पायात नारू झालाय, पाय टेकवत नाही. राहिले मी.

पण बाई नाड्यावर बसली की विहीर आटते, असं आमच्या शिवारात सगळे मानतात. आधीच औंदा पावसानं तोंड दाखवलं नाही. विहीर तळाला गेलीय. तिची खोडी कोण काढणार? सटवामामा लिंबाखाली बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "तुज्या बापाचं, आश्रुबाचं, धोतर-मुंडासं हाय का घरात?"

"हाय की."

"मंग गडी होऊन बस. विहिरीला कुटं डोळे हायत? तिला मुंडासं दिसलं म्हंजी झालं."

डोळे नाहीत तर मुंडासं कसं दिसणार, हे मी विचारलं नाही. सोय झाल्याशी कारण.

मुंडासं मायनंच बांधून दिलं. बांगड्या वर सारून बंडीच्या बाहीत दडवल्या. शेवटी एवढंच म्हणाली, "आप्पावानी दिसतीस ग."

माघ वद्य ६

सासरचा निरोप आला. धारूरकडून बांगड्या घेऊन येणाऱ्या कासाराजवळ सांगून पाठवलं — पाडव्याच्या आत कुणी तरी न्यायला येईल, पोरगी तयार ठेवा.

माझं लग्न नऊ वर्षांची असताना झालं. सासर धारूरच्या डोंगरात. नांदायला म्हणून अजून एकदाही गेले नाही. आधी सासूबाईंनीच थोरली होऊ द्या म्हटलं, मग ताप आला आणि आप्पा गेले, मग हा दुष्काळ. नवऱ्याचं नाव उत्तरेश्वर. मुंडावळ्यांतून दिसलं ते एक नाक. बाकी चेहरा आठवून बघते, काही येत नाही. सासरे नाही तर दीर येतील, त्यांचे चेहरे तर मुळीच ठाऊक नाहीत.

आता मी गेले तर मोट कोण हाकील? मोट थांबली तर बैलाच्या चाऱ्याचं कडवळ वाळेल. कडवळ वाळलं तर पाखऱ्या जाईल, आणि बैल गेला की रान पडीक. मग माय एका पायानं कुणाच्या दारात उभी राहील? हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "लेक परक्याची असती. जावं लागतंय."

"आन् तुझा पाय?"

"पाय माजा हाय. तू कावून रडतीस?"

मी रडत नव्हते. चूल धुपत होती.

आप्पांनी मला अक्षरं शिकवली ती खळ्यावर, राखेत काडीनं. गाव हसायचं. आज बरं वाटतं लिहिता येतं ते, कारण हे दुसऱ्या कुणाला बोलता येणार नाही — मला जायचं नाही. अजून नाही. निदान माय चालायला लागेस्तोवर नाही.

माघ वद्य ९

नारूचं तोंड दिसलं. घोट्याच्या वर, पांढऱ्या दोऱ्यासारखं. काडीला गुंडाळला. रोज थोडा थोडा ओढायचा, घाई केली आणि तुटला की पाय सडतो. माय म्हणते, "आपल्याला कुटं जायचंय घाईनं?" तिला काय, मला तो पाडव्याच्या आत बाहेर हवाय.

माघ अमावस्या

अमावस्येला बैल जुंपत नाहीत. पाखऱ्याला सुट्टी, मला नाही.

सकाळी दळण. जात्याचा खुंटा सैल झालाय, चिंधी गुंडाळून ठोकला. मग गवऱ्या थापल्या, घर सारवलं, छपराचं भोक बुजवलं, आणि दुपारी अंबाडीच्या सालीचा वाख घेऊन दोर वळत बसले. वाख मागच्या सालचा, आप्पा भिजवून सोलायचे तसाच मी भिजवून सोललेला. दोर विकत आणायचा म्हटलं तर आप्पा खवळायचे. "हात हायत तवर दुसऱ्याच्या दाराकडं बगू नाई." म्हणून आमच्या घरात दोर घरचा, दावं घरचं, दिव्याचं करडीचं तेल घरचं, आणि दुष्काळसुद्धा घरचाच असल्यासारखा येऊन बसलाय.

शेजारच्या बायनाबाई विस्तव न्यायला आल्या. छपरावर चढायला नेसलेल्या धोतरावरच मी होते. दारातून म्हणाल्या, "घरात बाईमाणूस हाय का, पाव्हणं?" माय एवढी हसली की पायाची काडी हलली. मग ओरडा मला बसला.

बायनाबाईंच्या पोटात तीळ भिजत नाही. उद्यापर्यंत सगळ्या आळीला कळणार. कळू दे. विहिरीला कळलं नाही म्हणजे झालं.

फाल्गुन शुद्ध ५

पेव उघडलं! दोन दिवस लागले, पण आज जिवाला जरा थंडावा आहे.

कणगीत दाणे संपत आले होते. हुलग्याचं माडगं पिऊन पिऊन जीभ चिकटली. राहिलं ते गावाबाहेरच्या पांढऱ्या मातीत पुरलेलं आप्पांच्या हातचं धान्याचं पेव. ताप यायच्या आधीच्या सुगीत भरलेली ज्वारी. नंतर ते कुणी उघडलंच नाही. आत पाणी शिरलं असेल, तर सगळी माती. मी दोन रात्री हाच विचार करत होते. मायला बोलले नाही. मायही मला बोलली नाही.

काल माती काढून तोंडावरचा दगड सरकवला. आतून अशी गरम वाफ आली की डोळे चुरचुरले. मी लगेच उतरायला निघाले. सटवामामांनी काठी आडवी घातली. "सबुर. आदी दिव्याला इचार." कंदील दोरानं खाली सोडला. फडफडला आणि विझला. पेवातला कोंडलेला वारा माणसालाही असाच विझवतो, वरून कळतसुद्धा नाही. तोंड रात्रभर उघडं ठेवलं. आज पुन्हा कंदील सोडला, जळत राहिला. मग मी कंबरेला घरचा दोर बांधून उतरले. वरून बायनाबाई आणि सटवामामा धरून. पेवात उतरायचं काम गड्याचं, पण सध्या आमच्या घरचा गडी मीच.

कडेची ज्वारी काळी पडलीय, कुबट. हात घातला आणि आत ढकलला. मधला दाणा सुटा! पिवळसर, वास मारतो, पण कोरडा आणि सुटा. मी खालूनच ओरडले. वर बायनाबाईंना वाटलं मी गुदमरले, त्यांनी दोर असा ओढला की कंबर सोलली.

संध्याकाळी भाकरी केली. पेवातल्या भाकरीला वास येतोच. मायनं अख्खी खाल्ली.

फाल्गुन शुद्ध ११

नारू आज तुटता तुटता राहिला. कोंबडीनं काडीवर चोच मारली! माय पांढरी पडली होती. तुटला नाही. कोंबडी आता टोपल्याखाली.

होळी

पुरणाला डाळ नाही, गूळ नाही. होळीत एक गवरी टाकली, एकदा बोंब मारली. सटवामामा म्हणाले, "औंदा होळीला कायबी नगं ग, सगळं शिवार आदीच जळालंय." हसावं की काय कळेना, पण हसले.

फाल्गुन वद्य ३

आज मी काय करून बसले!

सकाळी मोट चालली होती. कोरड्या ओढ्यातून एक माणूस वर आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायाला डोंगराची लाल धूळ. धावेजवळ उभा राहिला.

"आश्रुबाचं रान ह्येच का बे?"

मी मुंडासं खाली ओढलं. आवाज जाड केला. "ह्येच. पर आश्रुबा न्हाईत. वारले."

"ठावं हाय. त्यांची लेक न्यायला आलतो."

मी नाडा घट्ट धरला. आणि मी विचार न करता बोलून गेले, "त्या मायलेकी गंगाथडीला गेल्यात, गोदावरीकाठी. जगायला."

"कवा येतीन?"

"पाऊस पडल्यावर."

त्यानं घोंगडी खाली ठेवली. थारोळ्यावर वाकून ओंजळीनं पाणी प्याला, तोंडावर मारलं. मला वाटलं आता जाईल. तर हा बसला! बैलांकडं बघतो, विहिरीकडं बघतो, माझ्याकडं बघतो. मग म्हणाला, "तू कोण म्हनायचा?"

"सटवामामाचा भाचा. बंकट."

बंकट कुठून सुचलं देव जाणे. सटवामामांना बहीणच नाही.

"बंकट, तुजा नाडा झिजलाय बग चाकापाशी. तुटला तर मोटंसंगं तूबी जाशीन." असं म्हणून उठला, मला बैल उभे करायला लावले आणि झिजलेल्या जागी नाडा उकलून पुन्हा गुंफून दिला. हात चांगले चालतात. मी दुसऱ्या टोकाला दोर धरून उभी, मान खाली. जाताना म्हणाला, "हाताला फोड आलेत. करडीचं तेल लाव. आन् जपून बस."

ओढ्यापलीकडं दिसेनासा झाला आणि मी धावेवरच फतकल मारून बसले. सुटले! असेल कुणी दीर, नाही तर भावकीतला. गेला एकदाचा. पाखऱ्याच्या गळ्यात पडून हसत सुटले.

हसत हसतच घरी जाऊन मायला सांगितलं. मला वाटलं तीही हसेल. तिनं आधी कपाळावर हात मारला. लबाडी केली म्हणून नाही. "सोयरा दारात आला आन् तू त्याला भाकर न इचारता वाटंला लावलंस? डोंगरातून आला आसंल ग त्यो, पायपीट करून. उपाशी!"

फाल्गुन वद्य ४

माय बोलत नाही. भाकरी थापते, ताटात वाढते, तोंड भिंतीकडं.

मला वाईट वाटतंय ते तिच्यासाठी. बाकी, खरं लिहायचं तर, काल अंथरुणावर पडले ती सकाळपर्यंत कुशीसुद्धा बदलली नाही. निरोप आल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

फाल्गुन वद्य ६

आता वेगळीच धास्ती. तो सासरी जाऊन सांगेल. ते म्हणतील, चला गंगाथडीला, शोधा. नाही तर गावात कुणाला विचारतील आणि लबाडी उघडी पडेल. मग नांदायला नेणार नाहीतच, टाकूनच देतील. मायला काय तोंड राहील? नको म्हणता म्हणता भलतंच मागून बसले की काय!

मला नांदायचं नाही असं नव्हतं. थोडं थांबायचं होतं, एवढंच होतं.

फाल्गुन वद्य ९

नारू निघाला! अख्खा! शेवटचं टोक बाहेर आलं तेव्हा आम्ही दोघी श्वास धरून बसलो होतो. हातभर लांब, काडीला गुंडाळलेला. मायनं तो चुलीत टाकला आणि म्हणाली, "जा बाबा. लई पाव्हणचार झाला तुजा." पुढं तिच्या लक्षात आलं आपण बोललो. मग अबोला तिथंच मोडला.

जखमेवर हळद भरली. संध्याकाळी भिंत धरून ती दारापर्यंत गेली, उंबऱ्यात उभी राहिली, आणि पाखऱ्याला नावानं हाक मारली. मी चुलीपाशी बसून रडले. या खेपेला चूल धुपत नव्हती.

फाल्गुन वद्य १२

युसूफवडगावच्या बाजारातून बायनाबाई आल्या त्या थेट आमच्याच दारात. डोक्यावरचं टोपलंसुद्धा उतरवलं नाही.

"अंजना पोरी, तुमी मायलेकी गंगाथडीला गेलात म्हणं!"

मायच्या हातातलं सूप खाली आलं. बाजारात सासरच्या गावची एक बाई भेटली होती. तिनं सांगितलं — उत्तरेश्वर स्वतः बायकोला आणायला गेलता, हात हलवत परत आला. घरी म्हणाला, रान ओसाड हाय, घराला कडी हाय, मायलेकी गंगाथडीला गेल्यात, पावसाशिवाय येत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, बरंच झालं, आमच्या घरात तरी कुठं पाण्याचा थेंब हाय.

"आन् तुमी काय म्हनलात?" मायनं विचारलं.

"म्या? म्या म्हनलं, गेल्याच असतीन." आणि पुढं दबक्या आवाजात, "खरं काय ती भानगड मला सांगा आता. कुनाला बोलायची न्हाई."

बायनाबाई आणि गप्प बसल्या! तीळ भिजला म्हणायचा. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि वर पेवातली ओंजळभर ज्वारी दिली.

म्हणजे तो दीर नव्हता. भावकीतलाही नव्हता. नवरा होता! त्याच्यासमोर मी धोतर नेसून, नाडा धरून उभी होते आणि "सटवामामाचा भाचा" म्हणाले. नाक नीट बघायला हवं होतं.

सुटका झाली, हे खरं. पाऊस पडेस्तोवर आता कुणी येत नाही. मायचा पाय भरेल, कडवळ जगेल. पण रान ओसाड म्हणाला, ते कसं? मोट तर त्याच्यासमोर चालली होती. घाबरून काही तरी सांगितलं असेल. भोळसट दिसतो.

आणि आणखी एक. त्यानं मला ओळखलं नाही याचा राग आलाय. ओळखू नये म्हणून मुंडासं ओढलं मीच, आवाज जाड केला मीच, आणि राग त्याचा! ह्याला काय म्हणावं. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "नांदाया लागलीस की ग तू." मी घागर उचलून बाहेर गेले.

फाल्गुन अमावस्या

बैल सुटे. छपरावर बसून दिवसभर ओढ्याकडं बघत गवत शिवलं. ओढ्याकडं बघायचं कारण नव्हतं.

चैत्र शुद्ध १, शके १८४३

पाडवा. गुढीला मायचं एकुलतं बरं लुगडं. लिंबाची पानं वाटून गोळी केली, त्यात गुळाचा खडा नाही, नुसतं कडूच. माय आपल्या पायानं अंगणात आली आणि गुढीला पाणी वाहिलं. मी लुगडं नेसले. कितीतरी दिवसांनी. चालताना दोनदा पाय अडकला.

निरोप होता पाडव्याच्या आत. पाडवा गेला, कुणी आलं नाही. मी आणि माय एकमेकींकडं बघून हसलो. विहिरीत पाणी आहे, पेवात दाणा आहे, बैल उभा आहे. आणखी काय पाहिजे माणसाला? हे लिहिलं आणि वाटलं, खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

चैत्र शुद्ध ४

सकाळी विहिरीवर गेले तर बैल जुंपलेले आणि नाड्यावर तोच! सटवामामा लिंबाखाली, तोंड पलीकडं करून खांदे हलवत हसतायत.

मी मुंडासं ओढलं, आवाज जाड करायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पोराच्या मनगटावर तुळशीवृंदावन कुनी गोंदत न्हाई. त्या दिशीच कळलं मला." मग बैलांना मागं सारत, माझ्याकडं न बघता — "घरी सांगून आलोय, बायकू हुडकाया गंगाथडीला चाललो म्हणून. पाऊस पडंस्तवर ती काय मला घावायची न्हाई."